उलट्या पिळाची कर

म्हशीला गवत शिकवावं लागत नाही. रत्नव्वाच्या सुनेनं गोठ्याच्या कोपऱ्यातल्या दोन्ही पेंढ्या सोडून दावणीत टाकल्या, तेव्हा म्हशीनं त्यातला पवण्या निवडून निवडून खाल्ला आणि मोळ तोंडानं बाजूला सारला. मोळ तसा खायचा नव्हेच. त्याच्या केरसुण्या करायच्या, नाहीतर छपरावर घालायचा. पवण्या मात्र वाळला तरी गोडसर आणि दुधाला चांगला. रत्नव्वा परसातून आत येईपर्यंत दावणीत मोळाच्या काड्या आणि म्हशीच्या तोंडावर समाधान एवढंच उरलं होतं.

"शिवा, ह्या पेंढ्या तू सोडल्यास?"

"व्हय आत्ती. वाडं संपलंतं. म्हटलं वाळलेलं गवत नुसतं पडून हाय, घालावं."

शिवांजली नुकतीच लग्न होऊन आलेली; नवरा फौजेत, लग्नाची रजा संपली तसा परत गेलेला. माहेर नदीकाठचं, उसातलं. तिकडं जनावराला उसाचं वाडं घालायचं, फार तर कडबा. गवत म्हणजे बांधावरची हरळी, जी खुरप्यानं काढून फेकायची असते, एवढीच तिची ओळख. रत्नव्वानं वाकून उरलेला मोळ गोळा केला आणि बाजूला ठेवला. बोलली असती तर पोरीला जरा बरं तरी वाटलं असतं.

ते गवत वैरणीचं नव्हतं, करीचं होतं.

चिकनाळ हे कागल तालुक्यातलं, कर्नाटकाच्या शिवेला नाक लावून बसलेलं गाव. इथला बेंदूर जेठाच्या पुनवेला, म्हणजे कारहुणवीला. त्या दिवशी वेशीत आडवी दोरी बांधतात, तिला कर म्हणायचं. रंगवलेली, झुली घातलेली बैलं सुटतात आणि ज्याचा बैल ती कर तोडील त्याचा गावात वर्षभर रुबाब. पांढऱ्या बैलानं तोडली तर शाळू पिकणार, तांबड्यानं तोडली तर भुईमूग. वेधशाळेनं काहीही सांगावं, चिकनाळचा विश्वास बैलावर.

आणि ती दोरी पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात वळली जायची, रत्नव्वाचा नवरा विरूपाक्ष याच्या घरात. दोरी वळायला काय, कुणीही वळेल. पण हिचे दोन नेम होते. पहिला नेम पिळाचा. घरातलं चऱ्हाट, दावं, कासरा सगळं सुलट्या पिळाचं. देवाची कर तेवढी उलट्या पिळाची. दुसरा नेम गवताचा. आत मोळ, वरून पवण्या. विरूपाक्षच्या आज्यानं एका दुष्काळात पवण्या मिळेना म्हणून नुसत्या मोळाची कर वळली होती. ती तुटलीच नाही. पाटलांचा बैल छातीवर दोरी घेऊन पडला आणि पुढचा पाय मोडून बसला. तेव्हापासून ह्या घरात म्हण पडली: मोळानं धरावं, पवण्यानं सोडावं. कर घट्ट हवी, पण तुटायला हवी. न तुटणारी दोरी काय, बाजारात वजनावर मिळते.

गेल्या दिवाळीला विरूपाक्षनं थोरल्या माळावर जाऊन दोन्ही गवतं स्वतः कापली, पेंढ्या बांधल्या, गोठ्यात ठेवल्या. त्याच आठवड्यात त्याच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं. पाय हळूहळू थोडा आला, जीभही सुटली, पण हात काही आला नाही. जिभेचा उपयोगही तो करेनासा झाला. भिंतीकडे तोंड करून पडायचं, जेवण पुढ्यात आलं की डाव्या हातानं चार घास खायचे, पुन्हा भिंत. भिंतीला त्या घरात एवढा मान पूर्वी कधी मिळाला नव्हता. म्हणजे त्या पेंढ्या हे त्याच्या उजव्या हाताचं शेवटचं काम होतं, आणि ते म्हशीच्या पोटात गेलं होतं.

थोरला माळही आता माळ राहिला नव्हता. वरून पाइपलाइन आली, पाणी चढलं आणि माळ नांगरून ऊस लागला. ऊसही शेवटी गवतच, पण गावात असं बोललं तर लोक अंगावर धावून येतील.

दुसऱ्या दिवशी बाळासो आला. बेंदराची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला प्रत्येक गोष्ट लवकर उरकायची घाई.

"वैनी, मालकांनी सांगावा धाडलाय. औंदा न्हाय जमायचं म्हणं."

रत्नव्वानं चमकून आत बघितलं. बाजेवरची पाठ हलली नाही. म्हणजे ह्यानं तिला न विचारता गावाला निरोप पाठवला होता. सात-आठ महिन्यांत आपणहून केलेलं एकच काम, तेही असलं.

"त्यात काय वाईट वाटून घ्यायचं न्हाय," बाळासो म्हणाला. "रेशमी फीत आणतो इचलकरंजीतनं. उद्घाटनाला बांधत्यात तसली. बैलं तोडतील, फोटो बी झ्याक येतील. कुणाला तरास न्हाय."

"फीत मानसं कापत्यात. बैलं कर तोडत्यात," रत्नव्वा म्हणाली. "कर आमच्याच घरातनं येईल."

"वळणार कोण?"

"मी."

बाळासोनं कान खाजवला. बाईनं कर वळू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण बाईनं वळलेलीही कुणी बघितली नव्हती. एवढा अवघड प्रश्न उभ्या उभ्या सोडवणं त्याच्यानं होईना.

"गवत तरी हाय न्हवं?"

"हाय की."

हे साफ खोटं होतं. आतल्या दारात उभी असलेली शिवांजली खाली बघायला लागली.

"मग खांदमळणीच्या सांजेला दावा. न्हाय तर मला फीत आणाय लागंल. मागनं बोल नको."

खांदमळणी म्हणजे बेंदराचा आदला दिवस, बैलांचे खांदे हळद-तेलानं मळायचा. आठवडाच मधे होता. बाळासो गेल्यावर रत्नव्वा बाजेजवळ जाऊन उभी राहिली. तिला राग आला होता आणि तो तिनं गिळला नाही.

"हात गेला म्हणून घराचा मान बी देऊन टाकायचा? मला इचारायचं तरी हुतं."

पाठ भिंतीकडे आणखी सरकली.

"बरं. तुमी भित्तीसंगं बोला. मी गवत बघते."

बघायला निघाली आणि मग तिला कळलं की आपल्या मुलखात गवत उरलेलंच नाही. जेठ महिना, पाऊस अजून नावालाही नाही. थोरल्या माळाची कड मेंढरांनी मुळापर्यंत खरडलेली. ओढ्याला लव्हाळा होता, पण त्याची दोरी वाळली की भुगा. पाटाच्या कडेला कुंदा आणि हरळी. हरळी गणपतीला चालते, नाकातून रक्त आलं तर तिचा रस चालतो, पण बैलाच्या छातीपुढं तिचं काय चालणार? डोंगराच्या अंगाला कुसळी होती, तिनं लुगड्यात एवढी कुसळं सोडली की घरी येऊन काढता काढता दिवस मावळला. शेजारची बायडाबाई कळवळून म्हणाली, "आगं, नुसत्या मोळाची वळ की. वरनं आंब्याचा पाला बांधला की कुणाला दिसतंय आत काय हाय ते?"

"बैलाला दिसत न्हाय, पण लागतंय," रत्नव्वा म्हणाली.

मग एके दिवशी नवऱ्याचं औषध आणायला ती कागलला एसटीनं निघाली. सोबत शिवांजली. गाडी पंचतारांकित एमआयडीसीच्या बाजूनं चालली होती. काही कारखाने चालू, काही अर्धे बांधलेले, आणि मधे मधे नुसतेच तारेचं कुंपण घातलेले रिकामे प्लॉट. रत्नव्वा खिडकीतून सहज बघत होती आणि एकदम उठून उभी राहिली.

"गाडी थांबवा."

"स्टॉप न्हाय मावशी हितं," कंडक्टर म्हणाला.

"मग करा की."

तिचा आवाज असा लागला की ड्रायव्हरनंच ब्रेक मारला.

तारेच्या पलीकडे कमरेएवढं गवत उभं होतं. वर्षभर तिथं ना गुरं शिरली होती, ना मेंढरं, ना विळा. माळ साऱ्या मुलखातून हद्दपार झाला आणि कंपनीच्या कुंपणात येऊन जिवंत राहिला होता. उन्हानं तांबूस पडलेला, वाऱ्यानं लवणारा पवण्या. रत्नव्वाचे डोळे भरून आले. गवत बघून रडणारी बाई शिवांजलीनं पहिल्यांदाच पाहिली.

गेटवर खाकी कपड्यातला एक म्हातारा स्टुलावर बसलेला. "काय पायजे पावणं?"

"गवत."

"हितं कंपनी हाय, गवत इकत न्हाईत."

"इकत घ्यायला आले न्हाय. कापाय आले."

आकाराम त्याचं नाव. आत कुणाला सोडायचं नाही असा हुकूम होता आणि नोकरी टिकवायची होती. त्यानं नाही म्हटलं. रत्नव्वा गेटासमोर भुईवर बसली. शिवांजलीही बसली. उन्हात त्या दोघी बसलेल्या बघून म्हाताऱ्याचीच घालमेल व्हायला लागली. शेवटी त्यानं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि विचारलं, "म्हशी किती हायत?"

"म्हशीला नको. करीला पायजे. कारहुणवीच्या."

आकाराम थबकला. मग स्टूल सोडून त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "आमच्याकडं बी हुती कर. बैलं गेली, तशी गेली." तो गवताकडे बघत राहिला. "ह्या माळावर मी बारकेपणी म्हशी राखल्या. जमिनी गेल्या तवा नोकरी दिली. आता कुंपण राखतोय."

त्यानं टपरीवजा केबिनमध्ये जाऊन फोन लावला. परत आला तेव्हा हसत होता. "सायब म्हणतोय, ते गवत पेटवून द्यायचंच हाय, विस्तवाचं भ्या नको म्हणून. कोण फुकट कापत आसंल तर कापू दे."

विळा त्याच्याचकडे निघाला. पण उभं गवत म्हणजे कामाचं गवत नव्हे. रत्नव्वानं काडी बोटाला गुंडाळली की ती कट्‌दिशी मोडायची. उन्हानं पार कडकडीत झालेलं. ती एका टोकापासून काडी मोडत मोडत चालली, शिवांजलीचा चेहरा प्रत्येक काडीला पडत गेला. उत्तरेच्या भिंतीच्या आडोशाला मात्र, जिथं दुपारचं ऊन पोचत नव्हतं, तिथली काडी बोटाभोवती वळली आणि मोडली नाही.

"ही बघ. हिच्या पेराला लव किती, आन् वास कसा येतोय. ही पवण्याची. आन् ही त्याच्यातच घुसलेली कुसळी, ही टाकून दे."

शिवांजली ओणवी झाली आणि काडी काडी निवडायला लागली. ऊन कललं तरी ती उठली नाही. शेवटी सासूच म्हणाली, "पुरं गं, म्हस दुसरी घ्यायची न्हाय आपल्याला." तेव्हा पोरगी पहिल्यांदा हसली. औषध आणून, डोक्यावर भारे घेऊन दोघी घरी आल्या.

खांदमळणीच्या सकाळी सोप्यात गवतावर पाणी शिंपडून, गोणपाट झाकून रत्नव्वा वळायला बसली. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं, शिवांजलीच्या हातात टोक दिलं, आणि उजव्या हातानं मांडीवर पीळ द्यायला सुरुवात केली. चऱ्हाटं तिनं आयुष्यभर वळली होती. हात सरसर चालला. मोळ आत, पवण्या वर, बघता बघता लांबच लांब पेड तयार झाला. तिला वाटलं, झालं की. उगाच गड्यांनी एवढा बाऊ करून ठेवलाय.

"सुलटा हाय."

आवाज बाजेवरून आला. विरूपाक्षनं तोंड भिंतीकडून इकडे केलं होतं. जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट होता.

रत्नव्वानं पेड बघितला. खरंच सुलटा. आयुष्यभराच्या सवयीनं हात आपल्या वाटेनं गेला होता आणि देवाच्या दोरीचं तिनं म्हशीचं दावं करून ठेवलं होतं. तिनं सगळा पेड उसवला. मग हात उलटा, आपल्याकडे ओढून पीळ द्यायला लागली. पीळ बसेना. ढिला, पोकळ, हात सोडला की उलगडायचा. पुन्हा उसवला. पुन्हा वळला. उसवून उसवून गवताचा चुरा व्हायला लागला, मांडी लाल झाली. दुपार कलायला लागली. सांजेला बाळासो येणार. पण ती उठेना. ओठ घट्ट मिटून, ओढत राहिली.

"तुमास्नी कसं जमायचं हो हे?" शेवटी ती वैतागून म्हणाली.

"माज्या बाला धा वर्सं लागली शिकाय. मला बी."

"माज्याजवळ धा वर्सं न्हाईत. सांजपातूर हाय."

विरूपाक्ष तिच्या लाल मांडीकडे बघत होता. मग त्यानं आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. चार घास खाण्यापलीकडे ज्याला सात-आठ महिन्यांत काही काम सांगितलं नव्हतं त्या हाताकडे. तो बाजेवरून पाय खाली सोडून बसला.

"टोक हिकडं दे."

"काय करताय?"

"दे म्हंतो की."

तिनं गवताचं टोक त्याच्या डाव्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः त्याच्या उजव्या बाजूला बसून दुसरं टोक धरलं. विरूपाक्षनं डावा तळवा गवतावर ठेवला आणि पुढे ढकलला. सरळ, सोपा, जसा कुणीही ढकलेल तसा. पीळ पडला तो उलटा. घट्ट.

तिघंही बघत राहिली. उजवा हात ज्याच्यासाठी जन्मभर उलटा ओढावा लागला, ते डाव्या हाताला सुलटं चालूनच येत होतं. एवढ्या पिढ्यांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण उजवा हात असताना डाव्याला कोण विचारतो.

"हात्तिच्या," विरूपाक्ष म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला त्याच्याकडे मोकळा हात नव्हता. रत्नव्वानंच पदरानं पुसलं. "चला, रडायला मागनं येळ हाय," ती म्हणाली.

मग काम चाललं. शिवांजली गवत लावून द्यायची, आत मोळ, वर पवण्या. रत्नव्वा टोक ताणून धरायची. विरूपाक्ष पीळ द्यायचा आणि मधेच ओरडायचा, "मोळ जादा झाला, कमी कर." घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी कुणावर ओरडत होतं, आणि दोघींना ते गोड लागत होतं. बाळासो आला तेव्हा कर सोप्यात आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत पसरलेली होती. त्यानं पीळ बोटानं चाचपला, बाजेवर ताठ बसलेल्या माणसाकडे बघितलं आणि खिशातली फीत खिशातच ठेवली.

दुसऱ्या दिवशी कारहुणवी. गावातल्या मराठ्यांच्या बायका त्याच दिवशी वडाला सूत गुंडाळतात, हाच नवरा जन्मोजन्मी मिळावा म्हणून. रत्नव्वाच्या जातीत ती चाल नाही. ती गवताची दोरी खांद्यावर घेऊन वेशीकडे चालली होती, आणि तिचा दुसरा खांदा धरून, पाय ओढत, दिवाळीनंतर पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडलेला विरूपाक्ष. वडाखालच्या बायका सूत हातात धरून बघत राहिल्या.

बैलं पूर्वीसारखी नव्हती. मागं ट्रॅक्टरच जास्त, त्यांनाच फुगे बांधलेले. बैलजोड्या बोटांवर मोजण्याएवढ्या. पण कर वेशीत ताणली, पिंपळाचा आणि आंब्याचा पाला तिला लावला, शेवटची गाठ विरूपाक्षनं डाव्या हातानं मारली, आणि हलगी कडाडली तेव्हा त्या मोजक्या बैलांनीही धूळ अशी उडवली की वेस दिसेना. रत्नव्वा पुढं काही बघतच नव्हती. तिला एकच दिसत होतं, आज्याच्या वेळचा पाय मोडलेला बैल. तूट, ती मनात म्हणत होती. धरलंस तेवढं बास, आता सोड.

गावातल्या कृष्णाताचा पांढरा बैल छातीनं दोरीवर आला. दोरी ताणली, क्षणभर तिनं त्याला धरलं, असं धरलं की लोकांचा श्वास अडकला. आणि मग मधोमध तुटली. बैल पुढे निघून गेला, एक पाऊलही न अडखळता.

"शाळू पिकला," कुणीतरी म्हणालं. विरूपाक्ष वेशीच्या दगडाला टेकून हसत होता.

तुटलेल्या करीचा एक तुकडा वळणाऱ्याच्या घरी यायचा, गोठ्यात बांधायचा, ही चाल. शिवांजलीनं तो मोठ्या भक्तीनं दावणीवरच्या खुंटीला बांधला, हळदकुंकू वाहिलं आणि ती आत जेवणाचं बघायला गेली. संध्याकाळी विरूपाक्ष काठी टेकत, कुणी न सांगता, गोठ्यापर्यंत आला. म्हशीनं मान उंचावून तुकडा ओढला होता. पवण्या खाऊन झाला होता, मोळ उरला होता.

शिवांजली दारात येऊन उभी राहिली आणि खुंटीकडे बघून तिनं जीभ चावली. रत्नव्वा तिच्या मागं.

विरूपाक्षनं म्हशीकडे बघितलं. मग वर आढ्याकडे बघितलं, हात पोचेल की नाही ह्याचा अंदाज घेतल्यासारखं.

"दिवाळीला त्या आकारामाकडं जायचं," तो म्हणाला. "आन् फुडच्या सालचं गवत तितं आड्याला बांधा. म्हशीच्या बी हाताला लागाय नको, आन् सुनंच्या बी."